जुन्या जीपमध्ये डिझेलचे इंजिन: होकार देण्यापूर्वी



आपल्या काही घरांत अलीकडे एक नवा छंद शिरला आहे. नातू एखाद्या मोशावच्या शेडमधून गंजलेली जुनी जीप उचलून आणतो, दोन-तीन वर्षे खपून तिचा पत्रा, रंग, बैठका नीट करतो आणि मग एके दिवशी म्हणतो, "सबा, आता हिचे बेन्झिनचे इंजिन काढून सोलरचे घालायचे. जरा मदत हवी." मदत म्हणजे पैसे, हे सांगायला नको. काही घरांत गाडीचे रिश्यायोनसुद्धा सबाच्याच नावावर असते. अशा वेळी "तुला हवे ते कर" म्हणून मोकळे होण्यापेक्षा हे काम काय आहे ते समजून घेतलेले बरे. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, मुसाख चालवला नाही. पण इंजिनाची मूलतत्त्वे वर्गात समजावता येतात, तशी ती इथेही समजावता येतील.

जीप आपल्या ओळखीची

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनी जीप बनवल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला सुटे भाग आणून त्यांची जुळणी सुरू केली. आपली सर एली कदूरी शाळाही माझगावचीच, तेव्हा तिथे शिकलेल्या कित्येकांनी त्या गाड्या लहानपणी पाहिल्या असतील. इकडे हैफाच्या कैसर-इलिन कारखान्यातही जीप जुळवल्या गेल्या. आपण उदाहरणासाठी उंच बॉनेटची सीजे-३बी घेऊ, कारण महिंद्राने हीच जीप वर्षानुवर्षे बनवली आणि भारतातले लोक "जीप" म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तीच येते.

तिचे मूळ पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे. कागदावर त्याची ताकद ७० ते ७५ अश्वशक्ती.

पेट्रोल आणि डिझेल यांतला फरक

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. दाब बेताचाच असतो. या जुन्या जीपमध्ये सात भाग जागेतली हवा साधारण एका भागात दाबली जाते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तिथे नुसती हवा एकवीस भागांतून एका भागात दाबतात. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर होते. हवा इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते.

शेरुतच्या लांबलचक जुन्या मर्सिडीज टॅक्सी आठवतात ना? सकाळी थंडीत चालक बटण ओढून क्षणभर थांबे, मग इंजिन खडखडत सुरू होई. त्या क्षणभरात आतला ग्लो प्लग तापत असे. त्यांतल्या २४० डी गाडीचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन पुढे भारतात बजाज टेम्पोने परवान्याखाली बनवले आणि ते मॅटाडोर गाडीत बसवले. म्हणूनच महाराष्ट्रातल्या मेकॅनिकांनी कितीतरी पेट्रोल जीपमध्ये "मॅटाडोरचे इंजिन" घातले. १९८० च्या दशकात महिंद्रानेही आपल्या जीपमध्ये प्यूजोचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली.

आता लक्षात ठेवण्याची गोष्ट. १९७० च्या दशकातल्या त्या मर्सिडीज इंजिनाची ताकद ६५ अश्वशक्ती होती, म्हणजे मूळ पेट्रोल इंजिनापेक्षा कागदावर कमीच. डिझेल घातले की जीप पळू लागेल, हा समज खोटा आहे.

मग लोक डिझेल का घालतात?

भारतात त्याचे कारण सरळ होते. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते आणि एका लिटरमध्ये गाडी जास्त जात होती. जीप भाड्याने चालवणाऱ्याला इंजिनाचे पैसे काही महिन्यांत भरून मिळत.

आपल्या नातवाचे गणित वेगळे आहे. समजा जीप पेट्रोलवर लिटरला ७ किलोमीटर जाते, डिझेलवर ११ जाईल. वर्षाला शब्बाथ-सुट्टीच्या फेऱ्या धरून २,००० किलोमीटर चालली, तर पेट्रोल २८६ लिटर लागेल, डिझेल १८२ लिटर. फरक साधारण १०० लिटरचा. पंपावरचे आजचे भाव पाहा, इंजिन आणि मजुरीचा आकडा शेजारी लिहा, आणि भागाकार करा. बहुधा उत्तर "पुष्कळ वर्षे" असे येईल.

तरीही डिझेलचे खरे फायदे आहेत. ठिणगीची यंत्रणा नसल्यामुळे वादीतल्या पाण्यातून जाताना तारा भिजून गाडी बंद पडत नाही. कार्ब्युरेटर नसल्यामुळे तीव्र चढावर गाडी तिरकी झाली तरी इंधन इकडेतिकडे होत नाही. शिवाय कमी फेऱ्यांवर इंजिन शांतपणे ओढत राहते, दगडधोंड्यांतून सावकाश जाताना हे उपयोगी पडते. नातू नेगेवमध्ये खरोखरच जीप घेऊन जाणार असेल, तर त्याच्या इच्छेत अर्थ आहे. नुसती प्रदर्शनाला उभी करायची असेल, तर नाही.

काय काय बदलते

इंजिन एकटे येत नाही, आपल्याबरोबर बरेच काही बदलायला लावते.

गिअर बॉक्स जुनाच ठेवायचा तर त्याचे आणि नव्या इंजिनाचे तोंड जुळत नाही. मध्ये जाड लोखंडी अडॅप्टर प्लेट करून घ्यावी लागते. ती केसभर जरी तिरकी बसली, तरी क्लच आणि बेअरिंग लवकर जातात. हे काम चांगल्या लेथवाल्याकडूनच व्हावे.

डिझेल इंजिन जड असते. पुढच्या स्प्रिंगचे पाटे दबतात, जास्त ताकदीचे घालावे लागतात. इंजिनाखालची तेलाची टाकी आणि पुढचा ॲक्सल यांत जागा राहते का, तेही पाहायचे, कारण खड्ड्यात ॲक्सल वर उचलला जातो. रेडिएटरही मोठा हवा, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात.

जुन्या जीपची वीज ६ व्होल्टची असे. एकवीसपट दाबणारे इंजिन फिरवायला १२ व्होल्टची मोठी बॅटरी आणि दणकट स्टार्टर लागतो. मग दिवे आणि मीटरही बदलावे लागतात.

इंधनाची टाकी आतून धुऊन घ्यावी, नाहीतर जुना गंज फिल्टरमध्ये अडकतो. पंपाकडून उरलेले डिझेल परत टाकीत नेणारी आणखी एक नळी लागते. डिझेल संपून नळ्यांत हवा शिरली, तर नुसते डिझेल ओतून भागत नाही, हवा बाहेर काढावी लागते. वाळवंटात हे करता येते का, हे नातवाला विचारा.

दोन बारीक गोष्टी सहसा विसरल्या जातात. पेट्रोल इंजिन किल्ली फिरवली की थांबते, कारण ठिणगी बंद होते. डिझेलचा इंधनपुरवठा तोडावा लागतो, त्यासाठी वेगळी दोरी किंवा विजेची झडप हवी. दुसरी गोष्ट वायपरची. अनेक जुन्या जीपचा वायपर इंजिनात तयार होणाऱ्या हवेच्या ओढीवर चालतो. डिझेल इंजिनात तशी भरवशाची ओढ नसते, म्हणून विजेचा वायपर बसवावा लागतो. पहिल्या पावसात हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

वेगाचे गणित

सीजे-३बीच्या ॲक्सलचे प्रमाण ५.३८ आहे. म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.२५ मीटर धरा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे करत असेल, तर चाक ५५८ फेरे करील, म्हणजे मिनिटाला १,२५५ मीटर. तासाला होतात सुमारे ७५ किलोमीटर. याहून वेगाने जायचे तर इंजिन किंचाळत ठेवावे लागेल.

काही मुले म्हणतात, मग ॲक्सलचे प्रमाण बदलू, पाच गिअरचा बॉक्स घालू. घालता येतो. पण तेव्हा पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि या लेखात माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे.

आधी ब्रेक

या जीपला चारही चाकांना ९ इंचाचे लहान ड्रम ब्रेक आहेत. शिवाय ब्रेकचे तेल एकाच सिलिंडरमधून चारही चाकांना जाते. एका नळीला भोक पडले की चारही ब्रेक एकदम जातात. १९५० च्या रस्त्यांवर ताशी ६० च्या वेगाला हे कसेबसे पुरत असे.

वेग ६० वरून ८० झाला, म्हणजे एक तृतीयांशाने वाढला, तर गाडी थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते. त्यात इंजिनाचे वजनही वाढलेले. अराद किंवा मित्स्पे रामोनच्या उतारांवर हे लक्षात ठेवा. म्हणून ११ इंचाचे ड्रम किंवा पुढे डिस्क ब्रेक, आणि दोन भागांचा ब्रेक सिलिंडर, हे काम इंजिनाच्या आधी व्हायला हवे. पैसे अपुरे असतील तर ते ब्रेकला द्या आणि पेट्रोल इंजिन राहू द्या.

कागदपत्रे

इंजिन बदलणे म्हणजे शिनुय मिव्ने. त्याची परवानगी वाहतूक मंत्रालयाकडून काम सुरू करण्यापूर्वी घ्यायची असते, टेस्टच्या दिवशी नव्हे. नोंद न केलेल्या इंजिनाची गाडी अपघातात सापडली, तर बितुआख कंपनी प्रश्न उभे करील, आणि रिश्यायोन ज्याच्या नावावर आहे त्याला उत्तरे द्यावी लागतील.

गाडी ३० वर्षांहून जुनी असेल आणि ती रेखेव अस्फानूत, म्हणजे संग्राह्य वाहन म्हणून नोंदलेली असेल किंवा नोंदवायची असेल, तर तिथे मूळ स्वरूपाला किंमत असते. डिझेल घातल्यावर ती नोंद राहील का, हे लेखी विचारून घ्यावे. जुन्या डिझेल गाड्यांच्या धुरावर हैफा आणि यरुशलेममध्ये निर्बंध आलेले आहेत, तेही तपासावे.

नातवाला विचारायचे प्रश्न

जीप कशासाठी वापरणार? ब्रेकचे काम झाले का? परवानगीचा कागद कुठे आहे? अडॅप्टर प्लेट कोण करणार? आणि शेवटचा प्रश्न: काढलेले पेट्रोल इंजिन कुठे ठेवणार?

या शेवटच्या प्रश्नावर आग्रह धरा. चॅसी कापू देऊ नका. नवे इंजिन नटबोल्टांनी बसणाऱ्या आधारांवर बसवायला सांगा. जुने इंजिन तेल लावून, तोंडे बंद करून, कोरड्या जागी झाकून ठेवायला सांगा, त्याचा नंबर दिसेल असा फोटोही काढून ठेवा. म्हणजे उद्या नातवाला किंवा त्याच्या मुलाला जीप पुन्हा मूळ रूपात हवी झाली, तर ती तशी करता येईल.

पाचही प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर खुशाल मदत करा. आणि गाडी तयार झाल्यावर तिची पहिली चाचणी सपाट रस्त्यावर, सावकाश आणि ब्रेक तपासूनच घ्यायला सांगा.