नियम मोडणारा गुरू: क्वाय-गॉन जिनकडून धंद्यात काय घ्यायचं, काय सोडायचं?

मेंटॉर कसा निवडायचा, हे आज 'स्टार वॉर्स'मधल्या एका गुरूवरून समजून घेऊ. 1999 च्या 'द फँटम मेनेस'मधला क्वाय-गॉन जिन. ही भूमिका लियाम नीसनने केली आहे. हा जेडाय गुरू आहे, पण जेडाय मंडळाचं सगळंच ऐकत नाही. त्याचाच शिष्य ओबी-वान त्याला सांगतो, की नियम पाळले असते तर तुम्ही आज मंडळावर असता.

काय घ्यायचं?

जहाज बिघडल्यामुळे त्यांना टॅटूइन ग्रहावर उतरावं लागतं. पार्ट मिळतो वॅटोच्या भंगाराच्या दुकानात. क्वाय-गॉनकडे रिपब्लिकचं 20,000 चलन आहे, पण तिथे ते चालत नाही. मनावर ताबा मिळवायची जेडाय युक्तीही वॅटोवर चालत नाही. मग तो वॅटोला काय हवंय ते बघतो. वॅटोला जुगाराचा नाद. शर्यतीवर सौदा होतो: प्रवेश फी वॅटोने भरायची, जिंकलो तर पार्टचे पैसे वजा करून बक्षीस वॅटोचं, हरलो तर जहाज वॅटोचं.

धडा सरळ आहे. तुमच्या खिशात काय आहे यावर सौदा ठरत नाही, समोरच्याला काय चालतं यावर ठरतो.

काय सोडायचं?

आता नीट बघा. डावावर लावलेलं जहाज क्वाय-गॉनचं नव्हतंच, ते राणीचं होतं! पद्मे म्हणते, राणीला हे पटणार नाही. तो म्हणतो, राणीला कळायची गरज नाही. शर्यत जिंकली म्हणून निभावलं. पण तुमच्या धंद्यात ते जहाज म्हणजे वडिलांची एफडी किंवा बायकोचे दागिने असतात. ज्याचं भांडवल, त्याला आधी विचारायचं. यात सूट नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. तो अनाकिनला गुलामीतून सोडवतो, पण त्याची आई तिथेच राहते. 2002 च्या भागात तिचा जीव जातो आणि अनाकिन आतून बिघडतो.

तिसरी आणि सर्वात महागात पडलेली गोष्ट. मंडळ अनाकिनला शिकवायला नकार देतं, तरी हा अडून बसतो. मग डार्थ मॉलशी लढताना मरतो आणि मरताना जबाबदारी ओबी-वानवर टाकतो. ओबी-वान स्वतः नुकताच शिकून बाहेर पडतोय, त्याला शिकवायचा अनुभव शून्य! पुढे हाच अनाकिन डार्थ व्हेडर होतो. दोष एकट्या क्वाय-गॉनचा नाही, पण 'मी नसलो तर कोण?' याची तयारी त्याने केली नव्हती.

मेंटॉरला हे तीन प्रश्न विचारा

1. तुम्ही सांगताय तो नियम मोडला आणि फसलं, तर नुकसान कोणाचं?
2. हे पैसे ज्यांचे आहेत, त्यांना माहीत आहे का?
3. उद्या तुम्ही नसलात, तर मला कोण सांभाळणार?

बंडखोर गुरू वाईट नसतो. क्वाय-गॉन नसता तर अनाकिन गुलामच राहिला असता. पण मेंटॉर धाडस करायला सांगतो तेव्हा हप्ता तुम्हाला भरायचा असतो. म्हणून फी देण्याआधी ही तीन उत्तरं वहीत लिहून घ्या. उत्तर टाळलं, तर दुसरा मेंटॉर शोधा.