निवडरेषा : कोण आणि केव्हा

उपकरणांच्या पोटात बसविलेल्या लहान संगणकाला अनेक चिपांशी संवाद ठेवावा लागतो. मोटोरोला कंपनीने रूढ केलेल्या ‘एसपीआय’ पद्धतीत हा संवाद तीन सामायिक तारांवरून चालतो : एक तालाची, एक जाणाऱ्या मजकुराची, एक येणाऱ्या मजकुराची. तारा सर्वांच्याच असल्यामुळे बोलणे कोणाशी चालले आहे हे कळावे म्हणून प्रत्येक चिपला एक स्वतंत्र तार द्यावी लागते. ही ‘चिप सिलेक्ट’ अथवा निवडरेषा. तिच्यावरील दाब सामान्यतः उंच असतो; तो खाली उतरला की त्या चिपने ऐकावयाचे, वर गेला की संभाषण संपले.

व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर ही रेषा संबोधन आहे आणि पूर्णविरामही. यातील पूर्णविराम अधिक नाजूक. फ्लॅश मेमरीवर लिहिण्यासाठी आज्ञा, पत्ता आणि मजकूर सलग पाठवावा लागतो. निवडरेषा वर गेल्यावरच मेमरी तो कोरावयास घेते. मध्येच रेषा उचलली गेली, तर हाती आलेला तुकडाच पूर्ण समजून ती कोरून टाकील.

चिपा वाढल्या की संगणकाच्या पिना अपुऱ्या पडतात. मग ‘७४एचसी१३८’ सारखा डीकोडर मध्ये घालतात. त्याच्या तीन तारांवर द्विमान पद्धतीने अंक मांडला की आठ रेषांपैकी एकच खाली उतरते. अर्थात त्याची वेगळी अनुमती-रेषा चालू असेल तरच. येथे एका तारेची दोन कामे विभागली जातात : अंक सांगतो ‘कोण’, अनुमती सांगते ‘केव्हा’. त्यांचा क्रम राखण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर, म्हणजे ती चिप हाताळणाऱ्या आज्ञावलीवर येते. अनुमती काढावी, अंक बदलावा, तो स्थिरावू द्यावा, मग अनुमती द्यावी.

हा क्रम चुकला तर काय घडते? तीनवरून चारवर जाताना ०११ चे १०० होते. तिन्ही तारा बदलतात. त्या डावीकडून एकेक बदलल्या, तर वाटेत सात आणि पाच यांना क्षणभर हाक जाते. पाचव्या जागी ‘७४एचसी५९५’ हे सरक-नोंदक असेल, तर हा क्षण क्षुल्लक राहत नाही. सामायिक तारांवरचा सर्व मजकूर ते निवडीविनाही आत सरकवीत असते, आणि आपली रेषा वर जाताच शेवटचे आठ अंक बाहेर मांडते. मेमरीसाठी निघालेल्या आकड्यांनी एखादा रिले चालू होतो, आणि दोष मात्र रिलेत शोधला जातो.

लिनक्समध्ये अशा मांडणीसाठी सर्वसाधारण ड्रायव्हर २०२० मध्ये आला. संदेश पुरा होईपर्यंत तो अंक अडवून ठेवतो. चिप बदलली की नव्या चिपचा वेग आणि तालाची रीतही मूळ नियंत्रकाला कळवितो. प्रत्येक चिप ताल एकाच रीतीने घेत नाही. यासाठी तो दुसऱ्याचा संदेश उसना घेऊन, त्यावरील समाप्तीची खूण बदलून, पुढे पाठवितो. ही युक्ती चतुर खरी, पण परावलंबी. २०२२ मध्ये गाभ्यात रांग टाळून संदेश थेट पाठविण्याचा जवळचा मार्ग आला. त्या मार्गाची खूण अंगावर असलेला उसना संदेश रांगेत शिरला आणि व्यवस्था कोलमडली. आपल्याला रांगेतूनच न्यावे, असे हा ड्रायव्हर तेव्हापासून गाभ्याला आधीच सांगून ठेवतो.