विकिपीडियाच्या पडद्यामागची भाषा

चालू संकेतस्थळाची प्रोग्रॅमिंग भाषा बदलायची, तर वाचकांची ये-जा न थांबवता आतला सगळा कोड नव्याने लिहावा लागतो. विकिपीडियाच्या इतिहासात असे दोन मोठे प्रसंग आले आणि दोन्ही वेळा मुक्काम पीएचपीवरच पडला.

जानेवारी २००१मध्ये विकिपीडिया सुरू झाला तो क्लिफर्ड ॲडम्स यांच्या ‘यूजमॉडविकी’ या पर्लमधील प्रोग्रॅमवर. त्याला डेटाबेस नव्हता. प्रत्येक पान साध्या फाइलमध्ये साठवले जाई. लेख हजारोंनी वाढले, तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपी आणि मायएसक्यूएल यांवर नवी प्रणाली लिहिली आणि २५ जानेवारी २००२ रोजी इंग्रजी विकिपीडिया तिच्यावर गेला. यात मोठा लाभ झाला तो डेटाबेसमुळे. नुसत्या भाषाबदलाने वेग येत नाही, हे लवकरच दिसले: गर्दी वाढताच नवी प्रणालीही दमू लागली आणि ली डॅनियल क्रॉकर यांनी ती पुन्हा लिहिली, तीही पीएचपीतच. जुलै २००२मध्ये वापरात आलेली ही प्रणाली पुढे ‘मीडियाविकी’ झाली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला, तो इंग्रजी विकिपीडियाने पर्ल सोडल्यानंतर.

दुसरा प्रसंग अधिक बोधक आहे. पान जसे दिसते तसेच संपादित करू देणाऱ्या यथादृश्य संपादकासाठी विकी-मजकुराचे (खुणांसह लिहिलेल्या मूळ मजकुराचे) एचटीएमएल आणि एचटीएमएलचे पुन्हा विकी-मजकूर करणारा ‘पार्सॉइड’ लिहिला गेला तो जावास्क्रिप्टमध्ये, नोड.जेएसवर. त्या वेळी ही निवड योग्यच होती, कारण एचटीएमएल ५ वाचणारी चांगली लायब्ररी तिथे तयार होती. किंमत पुढे मोजावी लागली. साचे, म्हणजे अनेक पानांत वापरले जाणारे तयार तुकडे, उलगडण्यासाठी पार्सॉइडला दर वेळी मीडियाविकीकडे विचारणा करावी लागे. शिवाय एकाच मजकुराचा अर्थ लावणारे दोन प्रोग्रॅम, मीडियाविकीतला मूळ आणि पार्सॉइड, दोन भाषांत सांभाळायचे, म्हणजे एकात केलेली सुधारणा दुसऱ्यातही करणे आले.

म्हणून पार्सॉइड पीएचपीत आणायचे ठरले. दोन भाषांमधला सर्वांत फसवा फरक अक्षरे मोजण्यात निघाला. जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ची एकके मोजते, तर पीएचपीचे साधे फंक्शन बाइट मोजते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पहिल्या हिशेबाने ५ आणि दुसऱ्या हिशेबाने १५ भरते. मजकुरातला कोणता तुकडा कुठे सुरू होतो हे आकड्यांनी नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अशी चूक राहिली, तर इंग्रजी पान बहुतांशी ठीक दिसेल आणि देवनागरी पान बिघडेल. चाचणी फक्त इंग्रजीत करणाऱ्यांना ही चूक सापडणारच नाही. भाषाबदलाच्या कामात निरनिराळ्या लिप्यांची खरी पाने तपासणे म्हणूनच अनिवार्य ठरते. पार्सॉइडची नवी आवृत्ती हजारो खऱ्या पानांवर जुनीशी ताडून पाहण्यात आली आणि डिसेंबर २०१९मध्ये विकिपीडियावर रुजू झाली.

२०२०च्या मीडियाविकी १.३५पासून पार्सॉइड आणि यथादृश्य संपादक मूळ संचातच मिळू लागले. स्वतःचा विकी चालवणाऱ्या लहान संस्थांना त्यासाठी नोड.जेएसचा वेगळा सर्व्हर उभारण्याची गरज उरली नाही.