टेम्स : नोकरी सोडली, सूर नाही!

लागोसच्या एका ऑफिसात डिजिटल मार्केटिंग करणारी मुलगी एक दिवस राजीनामा देते आणि चार-पाच वर्षांत ग्रॅमी घेऊन उभी राहते. फिल्मी वाटतं ना? पण खरी गंमत राजीनाम्यात नाहीच. ती आहे त्याच्या आधी आणि नंतर तिने जे केलं त्यात!

१३ मार्च २०२३ ची सकाळ आठवतेय? एका हातात चहा, दुसऱ्या हातात रिमोट, ऑफिसला उशीर झाला तरी चालेल पण ऑस्कर बघायचाच असा मूड. 'नाटू नाटू'चं नाव पुकारलं गेलं आणि अख्खा देश उड्या मारायला लागला. त्या जल्लोषात, त्याच विभागात मागे पडलेल्या गाण्यांकडे कुणाचं लक्ष जाणार? त्यातलं एक होतं 'लिफ्ट मी अप'. 'ब्लॅक पँथर : वाकांडा फॉरएव्हर' या सिनेमातलं. गायली होती रिहाना, पण गाणं लिहिणाऱ्या चौघांमध्ये एक नाव होतं टेम्स. सोहळ्याला ती असा भलामोठा पांढरा ड्रेस घालून आली होती, की मागच्या रांगेतल्या लोकांना मान वाकडी करून स्टेज बघावं लागत होतं. ते फोटो नेटवर धमाल फिरले. अनेकांना ती माहीत झाली ती त्या ड्रेसमुळे. मला मात्र ती त्याच्या आधीच भेटली होती, लोकलच्या गर्दीत, इअरफोनमधून. आणि तेव्हापासून मी तिची फुल्ल टू फॅन आहे.

नदी नव्हे, टेमिलाडे!

टेम्स म्हटलं की आपल्याला आधी लंडनची नदी आठवते. पण हे नाव आलंय 'टेमिलाडे' या योरुबा नावातून. टेमिलाडे ओपेनियी. जन्म ११ जून १९९५, नायजेरियातल्या लागोसचा. बालपणीची काही वर्षं ब्रिटनमध्ये गेली. आई-बाबा वेगळे झाले आणि पाच वर्षांची असताना ती आईबरोबर लागोसला परतली. शाळेत गाणं, पियानो सुरू होतं. पण करिअर म्हणून रस्ता अगदी आपल्या ओळखीचा. डिग्री घ्यायची, नोकरी पकडायची! दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला जाऊन तिने इकॉनॉमिक्सची पदवी घेतली, लागोसला आली आणि डिजिटल मार्केटिंगच्या नोकरीला लागली.

आता माझीही रोजीरोटी डिजिटल मार्केटिंगच आहे. त्यामुळे इथपर्यंत वाचताना मी एकदम खुश! 'म्हणजे आपल्यातलीच की,' असं वाटलं. २०१८ च्या सुरुवातीला तिने ती नोकरी सोडली. आमच्या ऑफिसात हा किस्सा मी लंच टाइममध्ये सांगितला, तेव्हा शेजारच्या डेस्कवरचा एक कलीग लगेच म्हणाला, ''बघ, मी म्हणतच होतो. सोडायची हिंमत पाहिजे!'' हा पठ्ठ्या गिटार मस्त वाजवतो. गाणी लिहितो. पण गेली दोन वर्षं तो एका चांगल्या म्युझिक अरेंजरची वाट बघतोय.

आणि इथेच टेम्सची गोष्ट वेगळी होते, बॉस.

तूच तुझी अरेंजर!

टेम्सला हवं होतं तसं म्युझिक तिला कुणी बनवून देत नव्हतं. लागोसमध्ये तेव्हा हवा होती ती नाचायला लावणाऱ्या, पायात ठेका धरायला लावणाऱ्या अफ्रोबीट्सची. आणि हिची गाणी संथ. आवाज जाड, खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत. असलं गाणं नायजेरियात चालणार नाही, हे तिला ऐकवायला माणसं होतीच. मग तिने काय करावं? यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून ती स्वतःच म्युझिक प्रॉडक्शन शिकली. ठेका कसा रचायचा, आवाजाचे थर एकावर एक कसे चढवायचे, काय ठेवायचं आणि काय काढायचं… सगळं लॅपटॉपवर.

२०१८ मध्ये तिचं पहिलं सिंगल आलं, 'मिस्टर रेबेल'. प्रॉडक्शन तिचं स्वतःचं. २०१९ मध्ये 'ट्राय मी' आलं आणि लागोसने कान टवकारले. सप्टेंबर २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, 'फॉर ब्रोकन इअर्स' हा छोटेखानी अल्बम आला. त्यातलंही बरंचसं प्रॉडक्शन तिचंच.

हे अफ्रो-फ्यूजन म्हणजे नक्की काय भानगड आहे? सत्तरच्या दशकात फेला कुटीने गाजवला तो 'अफ्रोबीट'. जाझ, फंक आणि पश्चिम आफ्रिकेचे ठेके यांचं लांबलचक, राजकीय रसायन. त्यानंतर कैक वर्षांनी आलेला पॉप प्रकार म्हणजे 'अफ्रोबीट्स', शेवटी 'स' लावून! रेमाचं 'काम डाऊन' आपल्या संगीताच्या फंक्शनमध्येही वाजतं, तो हाच प्रकार. मे २०२३ मध्ये रेमा मुंबईत गाऊनही गेला. अफ्रो-फ्यूजन हा शब्द मोठा केला बर्ना बॉयने. अफ्रोबीट्सच्या पायावर रेगे, रॅप, आर अँड बी, जे आवडेल ते चढवायचं. टेम्सच्या ताटात यातलं आर अँड बी जास्त, ठेका बेताचा. आणि शब्दांत इंग्रजीबरोबर लागोसच्या रस्त्यावरची पिजिन.

एक गाणं, एक वर्ष

ऑक्टोबर २०२० मध्ये विझकिडचा 'मेड इन लागोस' अल्बम आला. त्यातल्या 'एसेन्स' या गाण्यात टेम्स होती. गाणं पहिल्या आठवड्यात फुटलं असं अजिबात नाही. डिसेंबर २०२० मध्ये तर युगांडात एका कार्यक्रमानंतर कोविडचे नियम मोडल्याच्या आरोपावरून तिला आणि ओमा ले या गायकाला अटक झाली. दोन दिवसांनी सुटका झाली. जुलै २०२१ मध्ये 'एसेन्स' अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत शिरलं, जस्टिन बीबरबरोबरचं रिमिक्स आलं आणि ऑक्टोबरमध्ये ते थेट ९ व्या नंबरवर पोहोचलं. म्हणजे जवळपास एक वर्ष! आपण तीन महिन्यांत टार्गेट पूर्ण झालं नाही की प्रोजेक्ट गुंडाळतो…

मग २०२२ उजाडलं. रॅपर फ्यूचरने 'वेट फॉर यू' हे गाणं केलं. त्यात ड्रेक होता आणि टेम्सही. पण टेम्सला नव्याने गायला बोलावलं नव्हतं. 'फॉर ब्रोकन इअर्स'मधल्या तिच्या 'हायर' या गाण्याचा तुकडा उचलून त्यावर अख्खं गाणं उभं केलं होतं. याला म्हणतात सॅम्पलिंग. आणि ज्याचा तुकडा घेतला, त्याचं नाव गीतकारांमध्ये येतं. मे २०२२ मध्ये हे गाणं बिलबोर्डवर सरळ पहिल्या क्रमांकावर दाखल झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला ग्रॅमी!

मला ही तिच्या करिअरमधली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. 'चालणार नाही' म्हटलेला तोच सूर, २०२० मध्ये लागोसमध्ये पक्का केलेला, दोन वर्षांनी जगाच्या टॉपवर. अमेरिकेने मागितलं म्हणून तिने काही वेगळं बनवलं नाही. माल आधीच तयार होता. आणि त्यावर तिचं नाव होतं!

त्याच वर्षी बियॉन्सेच्या 'रेनेसान्स'मध्ये ती गायली आणि 'लिफ्ट मी अप' आलं. दिग्दर्शक रायन कूगलरशी बोलल्यावर, आपल्या आयुष्यातून गेलेल्या माणसांसाठी आज गाता आलं तर कसं वाटेल, असा विचार करून तिने ते लिहिलं. गाणं अर्पण होतं चॅडविक बोसमनला. रिहाना सहा वर्षांनी सोलो गाणं घेऊन आली, ते हे.

आता पुढे काय?

पहिला पूर्ण अल्बम 'बॉर्न इन द वाइल्ड' आला थेट जून २०२४ मध्ये. पहिल्या सिंगलनंतर सहा वर्षांनी. १८ ट्रॅक. त्यातलं 'लव्ह मी जेजे' १९९७ च्या, सेयी सोडिमूच्या एका नायजेरियन हिटवर बेतलेलं. 'जेजे' म्हणजे हळुवार, अलगद. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच गाण्याला ग्रॅमी मिळालं. लहानपणी लागोसच्या घराघरात वाजलेलं गाणं तिने जगाला ऐकवलं.

आणि २०२५ मध्येच तिने 'लीडिंग वाइब' हा उपक्रम लागोसमधून सुरू केला. संगीतात येऊ पाहणाऱ्या आफ्रिकन मुलींसाठी. गायिकांबरोबर गीतकार आणि प्रोड्युसर मुलींसाठीसुद्धा. जे तिला एकटीने व्हिडिओ बघून शिकावं लागलं, ते पुढच्या पोरींना कुणीतरी शेजारी बसून शिकवावं, इतका साधा फंडा.

म्हणून मंडळी, तिची गोष्ट ऐकून लगेच उद्या राजीनामा टाइप करायला बसू नका! ईएमआय कुणाला चुकलाय? पण रात्री दहानंतरचा तास तर आपलाच असतो. जे काम दुसरं कुणी येऊन करून देईल म्हणून अडलंय, ते त्या तासात स्वतः शिकायला काय हरकत आहे? शेजारच्या डेस्कवरच्या कलीगला मी हे सांगितलं. परवा त्याने मला एक फाइल पाठवली. ठेका जरा लंगडतोय, आवाज मागे राहतोय. पण अरेंजर म्हणून खाली त्याचंच नाव आहे.

हे ऐकाच!

ट्राय मी (२०१९) : तिची चुणूक कळायला
हायर (२०२०) : रात्री, दिवा बंद करून
एसेन्स (२०२०) : वीकेण्डच्या लाँग ड्राइव्हला
फ्री माइंड (२०२०) : बॉसने झापल्यावर
लव्ह मी जेजे (२०२४) : मूड मस्त असताना… आणि नसतानाही!