‘शक्ती’च्या अर्धशतकाचा मागोवा

मायल्स डेव्हिसच्या सहवासात घडलेला आणि 1971 साली ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ स्थापून विजेच्या गिटारच्या प्रचंड नादाने अमेरिका दणाणून सोडणारा जॉन मॅक्लॉफ्लिन कीर्तीच्या ऐन भरात ते सारे वैभव बाजूस सारून, साधी गिटार घेऊन, चार भारतीय वादकांसमवेत मांडी घालून बसला, ही घटना त्या काळी अपूर्वच म्हटली पाहिजे. 5 जुलै 1975 रोजी लाँग आयलंडवरील एका कॉलेजात झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण पुढील वर्षी ‘शक्ती’ या नावाने प्रसिद्ध झाले. एल. शंकर यांचे व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विनायकराम यांचा घटम् आणि राघवन यांचा मृदंगम् एकत्र आल्यामुळे तेथे पूर्व-पश्चिमेइतकीच हिंदुस्थानी आणि कर्नाटक पद्धतींचीही भेट घडली.

या मीलनाचे मर्म वाद्यातच दिसते. गिटारचे पडदे सुरांना ठरावीक जागी जखडतात, मींड-गमकांना तेथे पुरता वाव नसतो, म्हणून एस. रामनाथन यांच्यापाशी वीणेची तालीम घेतलेल्या मॅक्लॉफ्लिनने त्या पर्वात पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरवून घेतले आणि सतारीच्या तरफांप्रमाणे सात जादा तारा ध्वनिछिद्रावर आडव्या बसवून घेतल्या. त्या ध्वनिमुद्रणातील ‘जॉय’ या सुमारे 18 मिनिटांच्या पहिल्याच रचनेत गिटार आणि व्हायोलिन अतिद्रुत लयीतील लांबलचक फिरत एकजीवाने घेतात, तेव्हा यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा प्रश्नच बरखास्त होतो.

1977च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’ या अल्बमनंतर ‘शक्ती’ हा संच विसर्जित झाला. वीस वर्षांनी तो नव्या रूपाने उभा राहिला, डिसेंबर 2000मध्ये मुंबईत शिवकुमार शर्मांच्या संतूरसह रंगला, 2014 साली मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांना मुकला, आणि शंकर महादेवन यांच्या कंठाने समृद्ध झालेल्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला 2024 साली ग्रॅमी लाभले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

परक्या संगीतातील चार अलंकार उचलून आपल्या रचनेवर चढवणे सोपे असते. शिष्यत्व पत्करून स्वतःचे वाद्यही बदलण्यास सिद्ध होणे दुर्मीळ. मॅक्लॉफ्लिनने ते केले, म्हणूनच ‘शक्ती’चा तो पहिला दस्तऐवज आजही अस्सल ठरतो.