काळजीला नेमलेली वेळ

संसार म्हटला की काळजी आलीच. मुलाच्या परीक्षेचा निकाल, घराच्या कर्जाचा हप्ता, वडिलांचा वाढलेला रक्तदाब, कचेरीत वरिष्ठांच्या कानावर गेलेली एखादी चूक. यांपैकी काही ना काही प्रत्येक उंबरठ्यावर उभे असतेच. अशा वेळी आप्तेष्ट एकच उपदेश करतात : काळजी करू नका. उपदेश प्रेमाचा असतो. परंतु तो अमलात येत नाही, आणि त्याला कारणही आहे.

डॅनियल वेगनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना, पांढऱ्या अस्वलाचा विचार मनात येऊ देऊ नका, असे बजावले होते. ते अस्वल पुन्हा पुन्हा मनात येतच राहिले. आणि बंदी उठल्यावर तर ते अधिकच वारंवार येऊ लागले. ज्या विचाराला मज्जाव करावा, त्याच्यावर पहारा ठेवण्यासाठी मनाला त्याच्याकडेच पाहावे लागते. काळजीचेही तसेच होते.

काळजीचा भार एकटे मन वाहत नाही. संकट दिसताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात, हृदयाची गती वाढते, स्नायूंकडे अधिक रक्त धावते आणि पचनाचे काम मंदावते. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात या बदलांचे विवेचन केले. वाघासमोरून पळण्यास ही सिद्धता उत्तम. परंतु हप्त्याची तारीख वीस दिवस दूर असताना रोज रात्री तीच सिद्धता होऊ लागली, तर झोप उडते, अन्नावरची वासना जाते आणि बोलणे तिखट होते. घरातील मुले वडिलांचा चेहरा पाहूनच हळू बोलू लागतात. हप्ता एकाचा, ताप सर्वांना.

मग करावे काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टॉमस बॉर्कोवेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक साधा उपाय मांडला. काळजीला हाकलू नये. तिला वेळ नेमून द्यावी. रोज अर्धा तास, ठराविक वेळी, ठराविक जागी. एरवी दिवसा काळजीने डोके वर काढले, की तिला ओळखावे, ‘संध्याकाळी सहाला’ असे सांगून पुढे ढकलावे आणि हातातील कामाकडे वळावे. नेमल्या वेळी मात्र मनापासून काळजी करावी व तिच्यातून मार्ग शोधावा. चार आठवडे हा नियम पाळलेल्या गटांची काळजी, तो न पाळलेल्यांच्या मानाने, बरीच अधिक उतरल्याचे त्यांना आढळले.

यामागील तत्त्व सवयीचे आहे. अंथरुणावर रोज काळजी केली, की अंथरूण आणि काळजी यांची गाठ पडते. मग पाठ टेकताच विचारांचे चक्र सुरू होते. ती गाठ सोडवून एका खुर्चीशी बांधावयाची, एवढेच येथे साधावयाचे असते. म्हणून ती खुर्ची रोजच्या बैठकीची नसावी आणि ती वेळ झोपेच्या तोंडावरची नसावी.

त्या अर्ध्या तासात वही जवळ असावी. पानाच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूस उद्या काही करता येण्याजोग्या गोष्टी लिहाव्यात, दुसऱ्या बाजूस हाती नसलेल्या. हप्ता पहिल्या बाजूचा. बँकेत जाऊन मुदतीविषयी विचारता येते. परीक्षेचा निकाल दुसऱ्या बाजूचा. उत्तरपत्रिका केव्हाच देऊन झाल्या आहेत. दिवसा डोंगराएवढी भासलेली काळजी कागदावर पुष्कळदा दोन ओळींत मावते.

खुर्चीने आणि वहीने कर्ज फिटत नाही, हे खरे. परंतु ते फेडण्यास लागणारी झोप, भूक आणि शांत डोके यांची राखण होते. मात्र आठवडेच्या आठवडे झोप आणि जेवण बिघडले, कामात लक्ष लागेना किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर घरगुती उपायांवर विसंबू नये, डॉक्टरांना गाठावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, आणि तेही मराठीतून. अंगात ताप भरल्यावर वैद्याकडे जाण्यात कोणी कमीपणा मानीत नाही. मनाच्या तापालाही तोच न्याय असावा.