घरी बनवलेल्या विमानाला कुठली तार लावायची? उत्तर फक्त ‘चांगल्या स्टीलची’ एवढंच नाही

रिमोटवर उडणारं छोटं विमान घरी बनवणारे लोक मोटर, बॅटरी आणि प्रोपेलरवर तासन्‌तास चर्चा करतात. सर्वो मोटरपासून शेपटीच्या एलेव्हेटरपर्यंत जाणारी तार मात्र बहुतेकदा घरात सापडेल ती लागते. पण तीच वाकली, तर सूर मारलेलं विमान वर उचलता येत नाही. एक किलोचं विमान वेगात खाली येतं, तेव्हा खाली कोण उभं आहे हे ते बघत नाही.

मग ही तार, म्हणजे पुशरॉड, कसली हवी?

हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते ती बाइंडिंग तार किंवा जीआय तार. दोन्ही माइल्ड स्टीलच्या. बोटांनी वाकतात आणि वाकलेल्याच राहतात. एखाद्या आदळलेल्या लँडिंगनंतर अशी तार किंचित वाकली की एलेव्हेटर मधल्या जागेवरून सरकतो आणि पुढच्या उड्डाणात विमान आपोआप नाक वर किंवा खाली करू लागतं.

मुरलेले छंदवाले वापरतात ती पियानो वायर. तिच्यात कार्बन साधारण ०.७ ते १ टक्का असतो आणि ती थंड अवस्थेतच डायमधून ओढून बारीक केलेली असते. तुटण्याआधी ती माइल्ड स्टीलच्या चार-पाच पट ताण सोसते. सतारीची पोलादी तार याच जातकुळीतली, फक्त कितीतरी बारीक. ओळखायला सोपं आहे: हलकेच वाकवून सोडा. सरळ झाली तर स्प्रिंगची, तशीच राहिली तर साधी.

पण खरी गंमत पुढे आहे

भारी तार म्हणजे कमी लवणारी तार, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. स्वस्त असो की महाग, बहुतेक सगळ्या पोलादांचा लवचिकता गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपासच असतो. म्हणजे सारख्याच जाडीची आणि लांबीची तार ढकलल्यावर मधूनच कमानीसारखी फुगायची असेल, तर दोन्ही साधारण सारख्याच जोराला फुगतात. फरक इतकाच, की पियानो वायर नंतर सरळ होते.

हिशोब करून बघा. १.५ मिमी जाडीची, ३० सेमी लांब, मध्ये कुठेही आधार नसलेली तार जेमतेम अर्धा किलो जोराला फुगते. बाजारातला ९ ग्रॅमचा छोटा सर्वो १ सेमीच्या आर्मवर दीड किलोहून जास्त जोर लावू शकतो. म्हणजे सर्वो पूर्ण फिरेल, तार फुगेल आणि एलेव्हेटर जागचा हलणार नाही! जाडी २ मिमी केली की हीच मर्यादा पावणेदोन किलोच्या घरात जाते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे मधोमध प्लास्टिकच्या नळीचा एक पक्का आधार द्यायचा. निम्म्या लांबीला ताकद चौपट होते.

सायकलचा स्पोकही चालतो. साधारण २ मिमी जाड आणि टोकाला आयते आटे. फक्त ते आटे एम२ क्लेव्हिसच्या आट्यांशी जुळत नाहीत, पिचमध्ये फरक असतो. जोर लावून बसवलेलं क्लेव्हिस हवेत निसटू शकतं. स्टेनलेस तार गंजत नाही, पण तिच्यावर साधं सोल्डर धरत नाही, अ‍ॅसिड फ्लक्स लागतो.

पियानो वायर वाकवताना गॅसवर लाल करायची नाही. तापवली की तिचा स्प्रिंगपणा जातो आणि पैसे देऊन आणलेली तार बाइंडिंग तारेसारखी होऊन बसते. सोल्डरिंगची उष्णता ती सहन करते. झेड-बेंड थंडच करायचा आणि कोपरा किंचित गोल ठेवायचा, कारण टोकदार वळणावर बारीक तडा पडतो. साध्या कटरने कापायलाही जाऊ नका, कटरच्या धारेला खाच पडते. छोट्या ग्राइंडरचं कटिंग व्हील वापरा आणि डोळ्यांवर गॉगल लावा. तुटलेला तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.